आदी ओलं काढ

सोलापूरच्या थंडीची गोष्ट सांगायला लागलो की पुण्या-नाशिकची माणसं हसतात. "तुमच्याकडं कसली आलीय थंडी?" म्हणतात. त्यांचंही खरं आहे. आमचा जिल्हा उन्हाचा. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंतही चढतो. पण त्याच काळ्या रानात पौष महिन्यात पहाटे तीन वाजता पायात पाणी घेऊन उभं राहून बघा, म्हणजे हसू कुठं जातं ते कळेल. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, झाडोरा कमी. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते. दुपारी सदरा नको वाटतो आणि पहाटे दात वाजतात. एरवी पारा पंधराच्या आसपास असतो, पण थंडीची लाट आली की दहापर्यंत उतरतो. उन्हाळ्यात चाळीशी पार करणाऱ्या अंगाला दहा अंश म्हणजे हिमालयच.

त्यात आमचा मुलूख रब्बीचा. मंगळवेढ्याची ज्वारी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती पेरायची पावसाळा सरता सरता, ती वाढते दवावर आणि थंडीवर. म्हणजे इतरांचा हिवाळा हा शेकोटीपाशी बसायचा असतो, तर आमचा रानात असायचा. हुरड्याच्या दिवसांत रात्री राखणीला माळ्यावर झोपायचं, पुढं काढणी, खळं, मळणी. ऊसतोडही त्याच दिवसांत. बीडकडून आलेल्या टोळ्या पहाटे फडात शिरायच्या तेव्हा पाचटावरचं दव त्यांच्या अंगावर उतरायचं. त्यातल्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा सदरा घालत, डोक्याला फडकं बांधत. लहानपणी आम्हाला ते सोंग वाटायचं. कशावर काय घालायचं याचं त्यांना पक्कं ज्ञान होतं, हे फार उशिरा कळलं.

ते ज्ञान मला ज्या रात्री मिळालं, त्या रात्रीची ही गोष्ट. पण त्याआधी आमच्या घरातली पांघरुणं सांगितली पाहिजेत.

आमच्या घरात तीन पांघरुणं होती आणि तिन्हींचा मान वेगळा होता. अंगाखाली आणि अंगालगत वाकळ, तिच्यावर चादर, आणि घराबाहेर पडताना घोंगडं.

वाकळ आज्जीच्या हातची. जुनी लुगडी, आबांची विटलेली धोतरं, झंपराचे तुकडे, सगळं एकावर एक अंथरायचं आणि कडेपासून धावदोरा घालत घालत मध्याकडं यायचं. उन्हाळ्याच्या दुपारी सोप्यात चार बाया चार कोपरे धरून बसत. सुईत दोरा ओवायचं काम आम्हा पोरांकडं. वाकळंची ऊब कापडात नसते, थरांच्या मधे अडकलेल्या हवेत असते, हे शाळेत शिकायच्या आधी आज्जीनं मला तिच्या भाषेत सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, एक जाड कापड घेऊन शिवली तर लवकर होईल. ती म्हणाली, "एक जाड घिऊन काय करतूस? चार पातळ असली की मदी ऊब दडून बसती." त्या वाकळंत तिच्या लग्नातलं इरकल होतं, आणि माझ्या जन्माआधी गेलेल्या आत्याचं परकराचं कापडही होतं. कुठला तुकडा कुणाचा हे ती अंधारात हात फिरवून सांगायची.

चादर थोरल्या चुलत्यांची. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा सोलापूरला गिरणीत कामाला होते. सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली, ती पुढं जुनी गिरणी म्हणून ओळखली गेली. साल ध्यानात घेण्यासारखं आहे. १८७६ ते ७८ हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. रानं ओस पडली होती आणि पोटासाठी माणसं शहराकडं निघाली होती. पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या आल्या आणि सोलापूर भोंग्यावर उठू-झोपू लागलं. दुसरीकडं शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे माग होते. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि दारातून जाणाऱ्याला मागाची खटखट ऐकू येणार. आज ज्याला आपण सोलापुरी चादर म्हणतो ती या पूर्व भागातल्या मागांची कमाई. जाड सुताची, दोन रंगांची, जेकार्डवर विणलेली. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि ती भोकं सांगतील तसे धागे वर उचलले जातात. एका अंगानं लाल मोर पांढऱ्यावर, दुसऱ्या अंगानं पांढरा मोर लालवर. उलटी-सुलटी बाजूच नाही. लग्नात आहेर म्हणून, बदलीवर निघालेल्या मास्तरला निरोप म्हणून, आजाऱ्याला भेट म्हणून चादरच. पुढं तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या पहिल्या मानांकनांपैकी ते एक. पण तोवर पानिपतच्या मागांवरच्या स्वस्त चादरी सोलापुरी नावानं देशभर विकल्या जाऊ लागल्या होत्या आणि पूर्व भागातले बरेचसे माग टॉवेलाकडं वळले होते.

अण्णा दर दिवाळीला एक चादर आणायचे. घडी मोडायच्या आधी आज्जी ती नाकाला लावायची. नव्या सुताचा, खळीचा वास. "गिरणीचा वास येतुय पोराला," असं म्हणून ती चादर ट्रंकेत ठेवायची.

तिसरं घोंगडं. ते आबांचं.

घोंगड्याचा इतिहास चादरीपेक्षा कितीतरी जुना. दख्खनी मेंढी काळी, काटक, तिची लोकर भरड. काश्मिरी पश्मिन्याच्या मऊपणाशी तिचं काही नातं नाही. धनगर वर्षातून दोनदा मेंढरं धुऊन कातरतात. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, त्याचं घोंगडं सगळ्यात मऊ आणि म्हणून महाग. लोकर पिंजायची, धनगराच्या बायांनी चरख्यावर सूत काढायचं, आणि मग सनगरानं किंवा खुटेकर धनगरानं खड्डामागावर विणायचं. विणण्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली ती खळ कुंच्यानं ताण्यावर फिरवायची, म्हणजे धागा तुटत नाही. त्यामुळं नवं घोंगडं पुठ्ठ्यासारखं उभं राहतं आणि अंगाला चावतं. दोन पावसाळे खाल्ले की मग ते माणसाचं होतं.

आबांचं घोंगडं असंच माणसाचं झालेलं होतं. पावसाळ्यात ते त्याची खोळ करून डोक्यावर घ्यायचे. पाणी वरच्या वर घरंगळायचं. उन्हाळ्यात बांधावर अंथरायचे. हिवाळ्यात ते पांघरून मोट धरायला जायचे. खळ्यावर रास झाली की पहिलं धान्य त्याच घोंगड्यावर पडायचं. सोयरा आला की घोंगडं टाकायचं, पंच बसले की घोंगडं टाकायचं. आमच्या तालुक्यात हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाची यात्रा भरते, तिथं देवाचं गाणं मांडायलाही आधी घोंगडंच अंथरतात. आणि संतांनी तर कान्होबाच्याच खांद्यावर घोंगडी टाकली. पंढरपूर आमच्यापासून पाच कोसांच्या पलीकडं. तिथं कार्तिकी झाली, थंडी पडायला लागली, की विठ्ठलालाही उबदार पोशाख सुरू होतो. कानाला पट्टी, अंगावर शाल, वर रजई. आम्ही कानटोपी घालायला कुरकुर केली की आज्जी म्हणायची, "इठ्ठलाला बी कानपट्टी लागती, तू कोण लागून गेलास?"

आता ती रात्र.

आमच्या विहिरीवर विजेची मोटार आली ती सत्तरीच्या दशकाच्या शेवटी. मोट होती तेव्हा बैल होते, आणि बैलांना रात्री विसावा लागतो. पहाटे तांबडं फुटायच्या सुमाराला मोट धरायची आणि ऊन चढलं की सोडायची. मोटारीला विसावा लागत नाही. वीज दिवसा कारखान्यांना आणि शहरांना, शेतीला पाळीपाळीनं, त्यातली एक पाळी रात्रीची. मोटारीनं आबांच्या खांद्यावरचं ओझं उतरवलं हे खरं, पण माणसाची रात्र रानात नेली तीही तिनंच. रात्री बारा-एकला लाईट येणार, मोटार चालू करायची, पाटानं पाणी सोडायचं आणि एकेका साऱ्यात पाणी फिरवत सकाळपर्यंत दारं धरायची. हे काम धाकट्या चुलत्यांकडं, म्हणजे तात्यांकडं आलं.

तात्या तेव्हा तिशीतले. ते घोंगडं घेत नसत. आबांनी कितीदा सांगितलं, पण तात्यांचं एकच उत्तर, "मी काय मेंढरं राखतुय व्हय?" त्यांना तालुक्याच्या बाजारातून आणलेला स्वेटर होता, निळा, पुढं दोन पांढऱ्या रेघा. त्या वर्षात स्वेटर घालणं म्हणजे सुधारणं होतं आणि घोंगडं म्हणजे मागासलेपण. स्वेटरवरनं ते अण्णांनी दिलेली चादर लपेटायचे. आबांचं घोंगडं मग कामातून गेलं. आबांना दम्यानं रानात जाणं होईना. घोंगडं मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीवर टाकलेलं असायचं, दवानं पेटी भिजू नये म्हणून.

मी दहा-अकरा वर्षांचा होतो. संक्रांतीच्या आधीचे दिवस. वरच्या अंगाला बाजरी निघालेल्या रानात एका धनगराची मेंढरं बसवली होती. वाघरीत मेंढरं कोंडलेली, बाजूला घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवलेलं. रात्रीला ठरलेली ज्वारी द्यायची आणि लेंडीखत रानाला मिळायचं, असा तो जुना व्यवहार. तात्या रात्री गव्हाला पाणी द्यायला गेले. वारं उत्तरेचं होतं.

पहाटे कुत्र्यांच्या भुंकण्यानं घर जागं झालं. धनगराचं पोरगं धावत आलं होतं. "तुमचा माणूस पाण्यात बसलाय. बोलवतुय तर वळखंना."

वडील पळाले, त्यांच्यामागं मी. नंतर जुळवलेली हकिगत अशी. दोनच्या सुमाराला पाट फुटला. तात्या फावडं घेऊन माती लोटायला उतरले, पाय घसरला आणि कमरेपर्यंत चिखलात बसले. उठून काम पुरं केलं. धोतर भिजलं, स्वेटर भिजला, चादर तर पाणी पिऊन घागरीएवढी जड झाली. पण पाणी वाया जाईल, लाईट जाईल, म्हणून तसेच तीन साऱ्या भरेपर्यंत दारं धरत राहिले. मग बांधावर टेकले. आधी कुडकुडत होते. पुढं कुडकुडणंही थांबलं. कुडकुडणं थांबलं म्हणजे अंगात ऊब आली असं आम्हाला वाटत होतं. ते उलटं असतं. अंगानं हार मानलेली असते.

आम्ही पोचलो तेव्हा वडिलांना पहिल्यांदा सुचली ती शेकोटी. कुणीतरी म्हणालं, हातपाय चोळा. कुणी म्हणालं, वर आणखी एक चादर टाका. तेवढ्यात तो धनगर आला. पन्नाशीचा, वाळका माणूस. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "आदी ओलं काढ."

वडील घोटाळले. एवढ्या गारठ्यात माणसाच्या अंगावरची कापडं काढायची? धनगरानं वाट बघितली नाही. चादर सोडवून फेकली, स्वेटर डोक्यावरनं ओढला, धोतर फेडलं, बंडी सुद्धा काढली. आपल्या पटक्यानं अंग टिपून घेतलं. चोळू दिलं नाही. मग इकडंतिकडं बघितलं आणि स्टार्टरच्या पेटीवरचं घोंगडं उचललं. वरून दवानं ओलसर होतं. ते झटकलं, आतली कोरडी बाजू आत घेतली आणि तात्यांना डोक्यापासून गुंडाळलं. वरून स्वतःचं घोंगडं. दोघांनी उचलून वाघरीत नेलं आणि मेंढरांच्या मधे निजवलं. दोन बाजूंना दोन मेंढ्या दाबून बसवल्या. "जाळाजवळ लगीच न्हेऊ नका. ऊब हळूहळू आत मुरू द्या," म्हणाला. तासाभरानं तात्या पुन्हा कुडकुडायला लागले तेव्हा धनगर पहिल्यांदा हसला. मग गुळाचा चहा, घोट-घोट.

उजाडल्यावर आबा काठी टेकत रानात आले. त्यांनी तात्यांकडं बघितलं, घोंगड्याकडं बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं तात्यांना थंडीपेक्षा जास्त लागलं असावं. ज्या घोंगड्याची लाज वाटत होती ते दहा पावलांवर, लोखंडाच्या पेटीला ऊब देत पडलं होतं. धनगराला आबांनी दोन पायल्या ज्वारी जास्त द्यायला काढली. त्यानं ठरली होती तेवढीच घेतली आणि चार दिवसांनी तळ हलवला. त्याचं नाव घरात कुणी विचारून ठेवलं नाही, ही माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट आहे.

पुढं मी शिकलो, मास्तर झालो, विज्ञान शिकवायला लागलो. मग त्या माणसाच्या तीन शब्दांचा अर्थ पुस्तकातून उलगडत गेला. पाणी हवेपेक्षा पंचवीसपट जास्त वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं. सुती कापड भिजलं की त्यातली हवा जाते आणि तिथं पाणी बसतं. मग ते पांघरूण राहत नाही, उष्णता उपसणारी मोट होते. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि ओल घेताना थोडी उष्णता सोडते. तिचा धागा कुरळा, म्हणून भिजली तरी हवा धरून ठेवते. सियाचीनच्या जवानापासून एव्हरेस्ट चढणाऱ्यापर्यंत सगळ्यांना जे शिकवतात ते हेच. अंगालगत घाम ओढून घेणारं पातळ कापड, मधे हवा धरणारा थर, वर वारा आणि पाणी अडवणारा थर. आणि काही झालं तरी कोरडं राहायचं. आज्जीची वाकळ मधला थर सांगत होती, आबांचं घोंगडं वरचा. चादरीचाही काही दोष नव्हता. ती घरात पांघरायची वस्तू, तिला आम्ही पाण्यात उभी केली.

चादर आणणाऱ्या अण्णांची गिरणी नव्वदीच्या दशकात बंद पडली. त्यांची देणी वर्षानुवर्षं भिजत घोंगड्यासारखी पडून राहिली. गावी परत आले तेव्हा ट्रंकेत सहा चादरी होत्या, घडी न मोडलेल्या. मुलींच्या लग्नात एकेक करून गेल्या. शेवटची त्यांच्या अंगावर घातली.

घोंगडं विणणारेही कमी होत गेले. माझ्या लहानपणी बाजाराच्या दिवशी खांद्यावर घोंगड्यांची चळत घेऊन फिरणारा सनगर हमखास दिसायचा. आता खड्डामाग बघायचा तर विचारत जावं लागतं. दख्खनी मेंढीच्या जागी मांसासाठी वजनदार जाती आल्या, लोकरीला भाव उरला नाही, कातरणीची मजुरीही निघेना. कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात. शहरात मात्र पाठदुखीवर गुणकारी म्हणून घोंगडं दुकानात मांडलेलं दिसतं. ज्या खांद्यासाठी ते विणलं जायचं त्या खांद्यावर आता चायनाचं जॅकेट आहे.

गेल्या हिवाळ्यात गावी गेलो होतो. तात्या आता सत्तरी ओलांडलेले. माझ्या मुलानं त्यांच्यासाठी पुण्याहून थर्मल पाठवलं होतं, अंगाला चिकटून बसणारं, काळं. मला वाटलं, म्हातारा नाकं मुरडील. पण त्यांनी ते बोटांनी चाचपून बघितलं, ताणून बघितलं आणि विचारलं, "घाम आत ऱ्हातुय का भाईर येतुय?" मी म्हटलं, बाहेर ओढून घेतं. "मग झालं," म्हणाले.

रात्री साडेअकराला त्यांनी तयारी केली. लाईटची पाळी अजून रात्रीचीच. मोटार आता मोबाईलवरून चालू होते, पण दारं मोबाईलवरून धरता येत नाहीत. मी म्हटलं, पोरं जातील, तुम्ही राहू द्या. ऐकलं नाहीत. आत थर्मल, त्यावर जुना स्वेटर, डोक्याला कानटोपी, आणि सगळ्यावर आबांचं घोंगडं. त्याला मधे एक हातभर ठिगळ आहे, वाकळंच्या कापडाचं. इरकलीचं काठ त्यात ओळखू येतं.

मी बॅटरी घेऊन बरोबर गेलो. विहिरीजवळच्या बाभळीला प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी टांगलेलं होतं. मी उजेड टाकला. घडी केलेलं कोरडं धोतर, बंडी आणि टॉवेल.

"चाळीस वर्स झाली," तात्या म्हणाले, "हिवाळ्यात ती पिशवी कवा उतरवली न्हाई. मी न्हाई तर कुणाला तरी लागंल."

आणि फावडं घेऊन ते पाण्यात उतरले.